गोदामावरचा ठिपका

रसिकाने पोलिसांचा तो तक्ता तिसऱ्यांदा वाचला आणि तिचं डोकं सणकलं. ठाण्याला कोर्टाजवळ तिची दोन टेबलांची लॅब. मोबाइलमधला डेटा तपासून द्यायचा, हे तिचं काम. बारा वर्षांत तिने नाना तऱ्हेचे गोंधळ पाहिले होते. हा गोंधळ नव्हता, निव्वळ बेपर्वाई होती.

खडवलीतलं एक गोदाम भरदुपारी जळलं. मालकाशी जुनं भांडण, म्हणून पोलिसांनी गावातल्या काळुरामला उचललं. मी तापाने घरी पडून होतो, असं तो घसा फोडून सांगत राहिला. पोलिसांनी त्याच्या मोबाइलमधलं लोकेशन काढलं, नकाशावर लाल ठिपका टाकला, तो नेमका गोदामावर. झालं. सत्तेचाळीस दिवस माणूस तुरुंगात, आणि गावात नळावरच्या बायका त्याच्या बायकोला, शालूला, बघून हंडे उचलून निघून जायच्या.

आता काळुरामच्या वकिलांनी कोर्टाकडून मिळवलेली मोबाइलची मूळ नोंद रसिकासमोर होती. तीत पोलिसांच्या तक्त्यापेक्षा दोन रकाने जास्त होते. मोबाइलला जागा कळली कशावरून? उपग्रहावरून नव्हे, टॉवरवरून. चूक किती असू शकते? अडीच किलोमीटर. आणि टॉवर कुठे उभा? त्याच गोदामाच्या गच्चीवर. म्हणजे मोबाइलने टॉवरची जागा लिहून ठेवली होती, काळुरामची नव्हे. त्याचं घर तिथून सव्वा किलोमीटरवर. या न्यायाने त्या दुपारी अर्धी खडवली गोदामात उभी होती. घाला की सगळ्यांना बेड्या.

तिने तपास अधिकारी श्रीपाद शेलारांना फोन लावला.

"शेलार साहेब, तुमच्या तक्त्यात शेवटचे दोन रकाने का नाहीत?"

"मॅडम, ठिपका आहे ना? विषय संपला. वरून सही झालेली आहे, आता काय ते कोर्टात बोला."

"अहो, माणूस आत बसलाय."

"सगळे असंच बोलतात."

रसिकाने फोन ठेवला. तिने त्याच दुपारी अहवाल लिहिला, प्रत्येक रकान्यासकट.

जामिनाच्या सुनावणीला रसिका वकिलांशेजारी आणि शालू मागच्या बाकावर बसली होती. न्यायाधीशांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले.

"हे दोन रकाने का वगळले?"

"वगळले नाहीत, सर," शेलार म्हणाले. "प्रिंट काढताना कागदावर बसत नव्हते."

रसिकाला वाटलं, आपण चुकून काहीतरी भलतंच ऐकलं. तेवढ्यात शालू उठून उभी राहिली.

"मंग मोठा कागद का नाय घेतला, साहेब?"

शिपाई तिला खाली बसवायला धावला. न्यायाधीशांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि शेलारांकडे पाहिलं.

"त्या विचारतायत. उत्तर द्या."