टोपी घातलेली केळ

हिवाळ्यात वाल्येवो गावच्या बर्फाळ अंगणात केळ जगत नाही. म्हणून तिहोमिर दरवर्षी ती खणून काढायचा, पानं छाटून टबात उभी करायचा आणि बैठकीच्या कोपऱ्यात आणायचा. खोडाला पेंढा गुंडाळायचा, त्यावर स्वतःचा लग्नातला कोट आणि शेंड्यावर लोकरी टोपी. बायको पेर्सिदा म्हणायची, "माझ्या अंगावर कधी शाल टाकली नाही या माणसानं!"

यंदा संकट निराळंच होतं. घराण्याच्या संताचा सण, स्लावा, तोंडावर आला आणि तिहोमिरचा गुडघा गेला. स्लावाला यजमान बसत नाही. पाहुणे जाईपर्यंत उभा राहतो. या घराण्यात बसणाऱ्याची सणाची मेणबत्ती, म्हणजे यजमानपणाचा मान, धाकट्या भावाकडे जातो, आणि धाकटा ग्वोझ्देन टपूनच होता.

"दादा, झेपत नसेल तर सांग हं."

"मेल्यावर सांगेन," तिहोमिर खेकसला.

सणाच्या सकाळी मेणबत्ती पेटली आणि तासाभरात गुडघ्यानं दगा दिला. तो चुलीमागच्या स्टुलावर कोसळला, तेवढ्यात स्तामेंका आत्या आली. तिला हल्ली सगळं धूसरच दिसतं. ती तडक कोपऱ्यात गेली आणि तिनं केळीचे तीन मुके घेतले.

"किती वाळलास रे! पण उभा आहेस, शाब्बास."

तिहोमिरनं तोंड उघडलं. पेर्सिदानं त्यात सणाचा गोड गहू कोंबला.

सणाच्या दिवशी म्हातारीला खोटं कोण पाडणार? मागून आलेल्यांनीही केळीचे मुके घेतले. दुपारी लोक केळीलाच डुकरांचे भाव विचारू लागले.

ग्वोझ्देन आला आणि त्याचा तिळपापड झाला. "अरे, ही केळ आहे, केळ!" त्यानं तिची टोपी उपटली. नेमका तेव्हाच आत्यानं संताच्या नावानं पेला उचलला. सगळे उठले, पुरुषांनी टोप्या काढल्या.

"बघा, यजमानानंही काढली," आत्या म्हणाली.

पण हिसक्यानं केळ कलंडू लागली. पेला उचललेला असताना यजमान आडवा, म्हणजे घराचं वाटोळंच! ग्वोझ्देनही याच मेणबत्तीपुढे वाढलेला. विचार करायच्या आत त्यानं केळीला मिठी मारली. पेला संपेपर्यंत कुणी हलायचं नसतं, आणि आत्याचे आशीर्वाद काही संपेनात. तो घाम गाळत केळ तोलून उभा राहिला.

शेवटी आत्यानं डोळे पुसले. "भाऊ असावा तर असा. थोरल्याला पडू दिलं नाही."

आता ग्वोझ्देननं मेणबत्ती मागायची कुठल्या तोंडानं? तिहोमिरला आधी हसू आवरेना, मग त्याचे डोळे भरून आले. भिंतीला धरून तो लंगडत कोपऱ्यात गेला.

"सोड, मी धरतो."

"बस खाली, दादा," ग्वोझ्देन केळीआडून खेकसला. "आम्ही दोघं उभे आहोत ना!"