साडेचार किलोचं भूत

"साडेएकावन्न!"

तोलबाबाचा चेला खच्चून ओरडला आणि गोदामातल्या तीनशे माणसांनी श्वास रोखला. मधोमध पोती तोलायचा जुना काटा मांडला होता. त्याच्या लोखंडी पाटावर चोवीस वर्षांची एक मुलगी उभी होती, केस मोकळे, डोळे मिटलेले. दोन आडदांड चेल्यांनी तिचे खांदे दोन्ही बाजूंनी गच्च धरले होते, कारण भूत उसळी मारतं म्हणे. तबकडी परातीएवढी, त्यामुळे पार शेवटच्या रांगेतल्यालाही आकडा दिसत होता.

"बघून घ्या, लेकरांनो!" तोलबाबा गरजला. "देवानं दिलं ते माणसाचं वजन. वरचं आहे ते पाहुण्याचं! न बोलावता आलेला, जा म्हटलं तरी न जाणारा पाहुणा! त्याला आज बाहेर काढतो. आणि नुसता काढत नाही, मोजून काढतो. आपल्याकडे अंदाजपंचे काम नाही!"

मग तासभर धूर, आरडाओरडा, कानाशी किंचाळणं, गरागरा फिरवणं. शेवटी मुलगी चोळामोळा होऊन खाली बसली. तिला पुन्हा पाटावर उभं केलं. आता कुणी धरलं नव्हतं. भूतच गेलं तर धरायचं कुणाला? काटा सत्तेचाळीसवर येऊन थांबला.

"साडेचार किलो!"

गोदाम दणाणलं. बायका डोळे पुसायला लागल्या. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "चांगलंच खातंपितं भूत होतं हो!"

"आणि काटा खोटा म्हणाल," तोलबाबाने हात वर केला, "तर तो तपासलाय कुणी? बापावरही भरवसा न ठेवणाऱ्या माणसानं! ते बघा, खांबापाशी उभे आहेत!"

तीनशे माना वळल्या. खांबापाशी मामा उभे होते आणि त्यांना तोंड कुठे लपवावं ते कळेना.

मामांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. चाळीस वर्षं बाजारातल्या दुकानदारांची "जरा आपल्या बाजूने करून द्या ना" ही कुजबूज ऐकून ऐकून त्यांचा कुणावरच विश्वास राहिला नव्हता. बाजारात त्यांना शंकासूर म्हणत. गोदामातला तो काटा त्यांनी एकदा नव्हे, तीनदा खोलला होता. पाती बघितली, कड्या बघितल्या, लोखंडाची खरी वजनं ठेवून चारही कोपरे तपासले. काटा सोळा आणे खरा. तसं त्यांनी लिहून दिलं आणि बाबाने तो कागद काच लावून भिंतीवर टांगला. मामांना माणूस लबाड वाटत होता, पण लबाडी सापडत नव्हती. आणि पाटावरची ती मुलगी त्यांची सख्खी भाची होती, चिऊ.

चिऊ पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला. दोन वर्षांपूर्वी तिची झोप उडाली, मग जेवण सुटलं, मग "मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल" असं ती बोलायला लागली. एकदा फारच झालं तेव्हा ताईने, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीने, तिला मोठ्या इस्पितळात तातडीच्या विभागात नेलं. तिथे अकरा तास बाकावर बसवलं. एका बाजूला हात मोडलेला, दुसऱ्या बाजूला दारू पिऊन पडलेला, समोर पहारेकरी. शेवटी एका दमलेल्या डॉक्टरने चार मिनिटं बघून गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी थोडा गुण येत होता, ही गोष्ट खरी. पण तो बाक माय-लेकी विसरल्या नाहीत. "मेले तरी तिथे जाणार नाही," असं चिऊ म्हणाली होती.

तोलबाबाकडे बाक नव्हता. गेल्या गेल्या "ये, लेकी" म्हणून तो डोक्यावर हात ठेवायचा. ताई तिथेच विरघळली.

"अगं ताई, तो माणूस सरळ नाही," त्या रविवारी घरी परतताना मामा म्हणाले.

"तुला कोण सरळ वाटतं रे? तू तर दूधवाल्यालाही संशयाने बघतोस!"

"गोळ्या तरी बंद करू नकोस."

"बाबा म्हणाले, गोळ्या ती खाते आणि अंगाला भुताच्या लागतात. टाकून दिल्या मी. साडेचार किलो गेलंय, आता राहिलंय काय?"

आता राहिलंय काय! याच वाक्याने घात होणार होता. कारण भूत गेलं म्हटल्यावर घरच्यांचं लक्षही गेलं. सोमवारपासून चिऊ एकटी जाऊ-येऊ लागली. शांत होती. शांत म्हणजे बरी, असा सगळ्यांनी हिशेब केला.

बुधवारी भर दुपारी ती मामांच्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली. मामा एका किराणावाल्याचा काटा खोलून बसले होते.

"मामा, मला आज एकटं सोडू नकोस."

"का गं? काय झालं?"

"माझा माझ्यावर भरवसा नाही."

मामांनी पेचकस खाली ठेवला. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ते तिच्यासमोर बसले. "इस्पितळात जाऊ या?" म्हटल्यावर ती दाराकडे सरकली. मग तिनेच पिशवीतून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. कारखान्यातल्या मुकादमबाईने दिलेलं. 'विसावा. अडचणीच्या वेळी या. केव्हाही.' खाली पत्ता, बँकेच्या मागचा.

"फुकट आहे म्हणे," चिऊ म्हणाली.

फुकट म्हटलं की मामांच्या कपाळावर आठी पडलीच. एका ठकाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या दारात, असं त्यांना वाटलं. पण पोरगी समोर बसली होती आणि कार्ड तिने आपणहून काढलं होतं. ते निघाले.

बँकेच्या मागे तळमजल्यावर चार खोल्या. आत मऊ खुर्च्या, पांघरुणं, स्वयंपाकघरात उकळतं पाणी. दार एका निवृत्त बस कंडक्टरने उघडलं. "या. चपला राहू द्या पायात," एवढंच तो बोलला. नाव विचारलं नाही, की कागद मागितला नाही. तिथल्या नर्सबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"थांबा! काय आहे यात?" मामांनी पेला मध्येच अडवला.

"पाणी." नर्सबाईंनी त्याच पेल्यातला घोट स्वतः घेतला आणि चिऊसाठी दुसरा पेला भरला, मामांच्या देखत, नळाखाली धरून.

"दार बाहेरून लावता?"

"बघा ना उघडून. आतून कडी आहे, बाहेरून नाही."

"डॉक्टर कुठाय?"

"संध्याकाळी चारला येतात. त्याआधी लागले तर फोनवर असतात. त्यांनी लिहून दिल्याशिवाय एकही गोळी देत नाही आणि एकही बंद करत नाही."

"आणि इथे बरी होईल ती?"

"तसा शब्द मी देत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आजचा दिवस तिच्यासोबत काढू. आमच्या हाताबाहेरचं असलं तर आम्हीच इस्पितळात नेऊ, आणि तिथे तिच्या शेजारी बसू. अजून काही विचारायचंय? विचारा, मला राग येत नाही."

मामा अखेर खुर्चीवर टेकले. तोलबाबाला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तर तो "नास्तिका!" म्हणून अंगावर आला होता.

नर्सबाई चिऊच्या समोर न बसता शेजारी बसल्या. "मरावंसं वाटतंय का?" त्यांनी सरळ विचारलं. मामा दचकले, असं कुणी विचारतं का? पण चिऊ "हो" म्हणाली आणि रडायला लागली, आणि बाई उठल्या नाहीत, घाबरल्या नाहीत, उपदेशही केला नाही. बराच वेळ ती बोलत राहिली. दोन वर्षांत घरच्यांनी एवढं एका दमात ऐकलं नव्हतं.

"अंगात कुठे दुखतंय?" मग बाईंनी विचारलं.

"खांदे. रविवारपासून."

बाईंनी कुर्त्याचा गळा थोडा बाजूला केला. दोन्ही खांद्यांवर अंगठ्यांचे काळेनिळे वळ.

"हे कुणी केलं?"

"बाबाच्या माणसांनी. काट्यावर उभं केलं ना, तेव्हा खाली दाबत होते. जोरात. मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ते भूत बोलतंय."

मामा उठून उभे राहिले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे गाढवा!" ते स्वतःलाच म्हणाले.

पारड्याला हळूच अंगठा लावायचा! बाजारातली सगळ्यात जुनी लबाडी, शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. चाळीस वर्षं काटे खोलणाऱ्या माणसाने काटाच खोलला, तीन वेळा, आणि वर ठेवलेल्या हातांकडे बघितलंच नाही. आणि जिच्या खांद्यावर ते हात होते तिला कुणी विचारलं नाही, कारण ती वेडी ठरली होती.

संध्याकाळी डॉक्टर आले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. चिऊ पुढचे तीन दिवसही तिथेच राहिली, आणि चौथ्या दिवशी रविवार होता.

गोदाम पुन्हा फुल्ल. "पुढचा कोण?" बाबाने विचारलं, आणि मामा पाटाकडे चालू लागले.

"मला तोला, बाबा. मला शंकेचं भूत आहे. जन्मापासूनचं!"

लोक हसले. भिंतीवर ज्याचा कागद टांगलाय त्याला नाही कसं म्हणणार? चेल्यांनी खांदे धरले. "अडुसष्ट!" अशी आरोळी झाली.

"आता गंमत बघा," मामा मोठ्याने म्हणाले. "मंत्र नको, धूर नको. दोघांनी नुसते हात मागे घ्या."

चेले बाबाकडे बघायला लागले. मामांनी खांदे झटकले. काटा सर्रकन त्रेसष्टवर उतरला.

मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले.

"पळालं!" बाबा ओरडला. "बघितलंत? माझ्या नुसत्या नजरेनं पळालं!"

"मग परत बोलावू या. ताई, इकडे ये."

ताई पहिल्या रांगेत होती; चिऊ 'विसावा'त आहे हे ठाऊक असूनही तिचा बाबावरचा विश्वास ढळला नव्हता. बाबाने लेकीच्या भुताचं वजन लिहून दिलेली चिठ्ठी तिच्या पर्समध्ये होती. ती संकोचत पुढे आली.

"माझ्या खांद्यावर हात ठेव. आता दाब."

"अरे, पण..."

"दाब गं. लहानपणी बदडायचीस तेव्हा नाही लाजलीस!"

ताईने दाबलं. काटा पासष्टवर गेला. तिने हात उचलला, काटा त्रेसष्ट. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. तिसऱ्यांदा तिने हात ठेवला तेव्हा काट्याकडे बघितलंच नाही. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती.

"ती सांगत होती मला," ताई म्हणाली. "खांदे दुखतात म्हणून सांगत होती. मी तिलाच गप्प बसवलं रे." आणि ती तिथेच, तीनशे लोकांसमोर, पाटाच्या कडेला बसून हुंदके द्यायला लागली.

"काटा बिघडवलाय यानं!" बाबा किंचाळला. "पाखंडी! याला बाहेर काढा!" पण एव्हाना लोक पुढे घुसून एकमेकांचे खांदे दाबून बघत होते. एका हमालाने दोन बोटांत तीन किलोचं भूत काढून दाखवलं. तोलबाबा मागच्या दाराने गेला. दुसऱ्या गावात तो दुसरं काही यंत्र मांडेल, यात मामांना तिळमात्र शंका नव्हती.

ते पाटावरच उभे राहिले. "ऐका!" ते म्हणाले. "दुखणं खरं आहे, भूत खोटं आहे. तासभर छळल्यावर कुणीही गप्प होतो. गप्प झालेला माणूस बरा झालेला नसतो. कुणी बरं करतो म्हटलं तर विचारा, काय करणार, कशानं करणार, दार उघडं आहे का. जो चिडेल त्याच्या दारातून परत फिरा. आणि आधी ज्याला दुखतंय त्याला विचारा. आम्ही विचारलं नाही, आमची पोरगी जाता जाता राहिली!"

गर्दी पांगू लागली. एक बाई मात्र जागची हलली नाही. तिच्या दंडाला धरून एक तरुण मुलगा बसला होता, नजर जमिनीवर, ओठ सारखे पुटपुटत.

"सगळं पटलं, भाऊ," ती कडवटपणे म्हणाली. "बाबा लबाड. पण याला चार रात्री झोप नाही. इस्पितळात एकदा नेलं, ते पुन्हा नको. आता मी जाऊ कुठे?"

मामांनी पत्ता सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात दाराशी कंडक्टरकाकांबरोबर येऊन थांबलेली चिऊ पुढे आली. ती त्या मुलाच्या शेजारी जमिनीवर बसली, थोडं अंतर ठेवून.

"बँकेच्या मागे आहे एक जागा," ती त्याला म्हणाली. "मी तिथूनच आलेय. आवडली नाही तर उठून निघता येतं. येतोस? मी पण परत तिकडेच चाललेय."

मुलगा जमिनीकडे बघत पुटपुटतच राहिला. चिऊ बसून राहिली.