मागच्या चाकातली डावी तार

सायकलच्या मागच्या चाकातली मी एक जुनी तार आहे. कुणी मला स्पोक म्हणतात, तेही चालेल. दिसायला काडीसारखी, दोन हातांनी सहज वाकेन अशी. पण मित्रांनो, मी एका माणसाची अब्रू राखली आहे. सांगताना थोडी फुशारकी मारीन, तेवढी खपवून घ्या.

बैलगाडीच्या चाकातले लाकडी आरे जाडजूड असतात. ओझं आलं की ते खांबासारखे खाली उभे राहतात. आमचं उलटं आहे, आम्ही ओढतो. मागच्या चाकात आम्ही चाळीस जणी. मधल्या हबात मान अडकवून रिमला आत खेचून धरायचं, म्हणजे चाक गोल राहतं. निम्म्या डावीकडून ओढतात, निम्म्या उजवीकडून, आणि दोन्हीकडचा जोर सारखा असेल तरच चाक सरळ फिरतं. पोरांच्या तीनचाकीत तारा सरळ लावल्या तरी भागतं. मोठ्या सायकलीत पायडल मारलं की हबला पीळ बसतो, म्हणून आम्हाला एकमेकींवरून तिरक्या घालतात. शर्यतीच्या सायकलीत दोन्ही टोकांना जाड आणि मधे बारीक अशा तारा असतात. त्या धक्के आमच्यापेक्षा चांगले सोसतात, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

मला चाकात बसवलं बेलापूरच्या मुबारकबींनी. नवऱ्यामागे सायकलचं दुकान त्याच चालवायच्या. १९७१च्या उन्हाळ्यात सहादेव त्यांच्याकडे आला. सात दिवस सायकलवरून न उतरण्याचा खेळ तो गावोगाव करायचा. खाणं, आंघोळ, दाढी, सगळं सायकलवरच. पाय जमिनीला टेकायचा नाही आणि सायकलला कुणी हात लावून आधार द्यायचा नाही, असा नियम. आधीच्या खेळाला, खर्डा गावी, त्याने स्वस्तातल्या चकचकीत बारीक तारा भरल्या होत्या. चौथ्या दिवशी चाक बसलं आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

"चाची, आता पुन्हा पाय टेकला तर कुठलंच गाव बोलवायचं न्हाई," तो म्हणाला.

"मग तारा मी निवडीन. तू निस्ता बस," मुबारकबी म्हणाल्या. त्यांनी जाड तारा काढल्या, त्यात मी होते, आणि मला डावीकडून ओढायला बसवलं. एकेकीला बोटाने छेडून, आवाज ऐकून त्यांनी आम्हाला ताणलं. मी सगळ्यांत ताठ होते आणि मला त्याची भारी घमेंड होती.

बाजारतळावर खेळ सुरू झाला. चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी दुपारी रंगनाथ किराणावाल्याला प्रेमाचं भरतं आलं. चालत्या सायकलच्या कॅरियरवर त्याने खोबऱ्याच्या वाट्यांचा भलामोठा हार टाकला. हार घसरला, एक वाटी चाकात शिरून चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दांडीला अडकली, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या उजव्या तारा तटातट तुटल्या.

चाक डुगडुगायला लागलं. टायर चिमट्याला घासू लागला. सहादेवचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आता मीच सांभाळते, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढू लागले. मी ओढावं आणि चाक आणखी डावीकडे जावं. का ते मला कळेना.

मुबारकबी तारा आवळायची-सोडायची चावी घेऊन धावत आल्या. "सहादेवा, धा मोजस्तवर जागच्या जागी उभा ऱ्हाशील का?"

"ऱ्हातो. मोजा तुमी."

त्याने ब्रेक दाबले, हँडल वाकडं केलं आणि पाय न टेकता सायकल तोलून धरली. पहिल्या दहात मुबारकबींनी तुटलेल्या तारा शेजारणींना गुंडाळून टाकल्या. सहादेवने एक फेरी मारली. दुसऱ्या दहाला त्यांची चावी माझ्याकडे आली. मला वाटलं, आणखी आवळतील. त्यांनी मला चक्क सैल सोडलं.

मला रडू यायचं बाकी होतं. तिसऱ्या दहाला त्यांनी पलीकडच्या दोन उजव्या तारा आवळल्या, सहादेव सुटला, आणि चाक सरळ धावू लागलं. टायर कुठे घासेना. मी सैल पडले तेव्हाच चाक वाचलं होतं.

सातव्या दिवशी ठरल्या वेळी, हलग्या वाजत असताना सहादेव उतरला. आपण होऊन, दोन्ही पायांवर. लोकांनी त्याला खांद्यावर उचललं, तर तो म्हणाला, "मला नगं, चाचीला बोलवा." बाईने भरलेलं चाक म्हणून नाकं मुरडणारे बाप्ये दुसऱ्या दिवशी आपापली चाकं घेऊन दुकानापुढे रांगेत उभे होते. मी त्यांच्याकडे मान वर करून बघत होते. घमेंड काही इतक्यात जात नाही.

मित्रांनो, महिन्यातून एकदा आमच्यावर बोट फिरवत जा. चाक डुगडुगलं तर दिसेल ती सैल तार आवळत सुटू नका. कोणती तार जास्त ओढते आहे ते आधी बघा. ती बहुधा माझ्यासारखीच असते, सगळं चाक आपल्याच जिवावर चाललंय असं समजणारी.