सोबतीचा माणूस

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. शेषेराव. उदगीरच्या शाळेत भूगोल शिकवतात, आणि बायकोला निजाम सरकारच्या गाडीनं लातूर रोड स्टेशनापर्यंतसुद्धा एकटीनं जाऊ देत नाहीत. त्यांच्या घराण्यात बाईमाणूस सोबतीशिवाय प्रवास करत नाही. म्हणून मी माहेरी निघाले की हे स्टेशनवर सोबत शोधत फिरायचे. एखाद्या बऱ्या कपड्यातल्या बाप्याला गाठून विचारायचे, गाव कोणतं, कुणापैकी, आमच्याकडचं कोण ओळखीचं? उत्तरं जुळली की मी त्याच्या हवाली.

पहिल्या सोबत्याचा गुडघा लातूर रोड येईपर्यंत माझ्या मांडीला टेकलेला होता. मी सरकले की तोही सरके. घरी येऊन सांगितलं, "मला लई भीती वाटली." हे म्हणाले, "साहजिक हाय. पुढल्या खेपेला चांगला धिप्पाड माणूस बघतो." बघितलाही. त्याचा गुडघाही धिप्पाड होता. मग लाज सोडून गुडघ्याचंच सांगितलं, तर म्हणाले, "डब्यात गर्दी असंल." पालथ्या घड्यावर पाणी.

जनान्या डब्यात बसते म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तिथं कोण आपलं? सगळ्या परक्या बाया."

माझं मी सोसलं. पण यंदा आमच्या इंदूला, चौदा वर्षांच्या पोरीला, लातूरला मावशीकडं धाडायचं ठरलं आणि ह्यांनी स्टेशनवर देविदासपंत नावाचा सोबती उभा केला. जरीची टोपी, पानानं लाल ओठ. इंदूला खालून वर न्याहाळून म्हणाला, "पोरगी बरीच उंच झाली की!" जन्मात पहिल्यांदा बघत होता तिला. इंदू माझ्या पदराआड आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ह्यांनी वेळ बघायला खिशातलं घड्याळ काढलं, तर ते बंद. देविदासपंत लगेच म्हणाला, "द्या की मास्तर. लातूरला आपल्या ओळखीचा कारागीर हाय. दुरुस्त करून आणतो."

"नको, नको. घाई न्हाई." ह्यांनी घड्याळ कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि मला बाजूला घेऊन कुजबुजले, "चांदीचं हाय. परक्या माणसाचा काय भरवसा?"

मी ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. आपण काय बोललो ते उमगल्याची तिथं खूणसुद्धा नव्हती. उलट वळून पोरीला म्हणाले, "इंदू, पंतांच्या शेजारी बस हां. लांब बसू नको."

मी इंदूचा दंड धरला आणि जनान्या डब्याकडे चालू लागले. आत भाजीच्या पाटीला टेकून एक कानडी बाई बसली होती. गंगम्मा, हे नाव नंतर कळलं. आमचे चेहरे बघून तिनं काहीही न विचारता पाटी सरकवली. "बा अव्वा, बा. बस हितं." इंदू तिला खेटून बसली. मीही चढले. तिकीट नव्हतं, दंड भरीन म्हटलं.

"अगं, तू कुठं निघालीस? ओळख ना पाळख, कुणाच्या भरवशावर?" हे ओरडले.

"घड्याळ सांभाळा," मी म्हणाले. "पोरीचं मी बघते."

गाडी हलली. हे खिडकीबरोबर धावू लागले, एका हातानं आतला खिसा दाबून. "बरं, भिऊ नको! देविदासपंतांना तुमच्या डब्याच्या दारात उभं राहायला सांगतो!"

मी खिडकी लावून घेतली.