बा कपेंब्वांचं दुपारचं मरण

ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या सफारी कॅम्पवर खरं काम एकच उरतं, ते म्हणजे सावली सरकेल तशी खुर्ची सरकवणं. हंगामाचे सहा महिने झालेले असतात. लुआंग्वा नदी इतकी आटलेली असते की पाणघोडे एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकून उभे असतात आणि दिवसभर कण्हतात. आम्हीही कण्हतो, पण पाहुणे नसताना.

पंधरा दिवसांत पाऊस येतो आणि रस्ता जातो. त्याआधी गवताच्या पाचही खोल्या उतरवायच्या, भांडी ट्रकवर चढवायची, उरेल ते नदी नेते. मे महिन्यात परत यायचं आणि तेच सगळं पुन्हा बांधायचं. याला पर्यटन म्हणतात.

माझं नाव फॅक्सन जेरे. माझं काम सकाळी खोल्यांवर चहा नेणं, पाहुण्यांना खोलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत सुखरूप चालवत आणणं, आणि बबून माकडांनी साखरेचं भांडं पळवलं तर ते भांडं मुळात नव्हतंच असं वागणं. मला व्हायचं होतं गाईड. गाईडच्या परीक्षेला बसायला कॅम्पच्या मॅनेजरचं पत्र लागतं. पहिल्या वर्षीच्या मॅनेजरला शेवटच्या दिवशी माझं नाव आठवेना. दुसऱ्या वर्षीचा मॅनेजर पत्र लिहायच्या दिवशीच तापानं फणफणला, त्याला विमानात घालून न्यावं लागलं. स्ट्रेचरवरच्या माणसापुढे पेन धरणं बरं दिसत नाही. मी धरलं होतं. बरं दिसलं नाही.

यंदा मॅनेजर होत्या केपटाऊनच्या लीझल मॅडम. त्यांनी मे महिन्यातच कबूल केलं होतं की शेवटचा पाहुणा निघाला की पत्र. शेवटच्या पाहुण्या म्हणजे नॉर्वेच्या मिसेस हाल्वरसन. एकट्याच आल्या होत्या. तीस वर्षं एका मोठ्या कचेरीत त्यांनी माणसांची भांडणं मिटवण्याची नोकरी केली होती आणि आता जरा शांतता हवी म्हणून आमच्याकडे उतरल्या होत्या. त्यांचे दोन दिवस उरले होते. माझेही दोनच.

आणि आमचे आचारी, बा कपेंब्वा; 'बा' हे आमच्याकडे मानानं लावतात. वय साठ, गुडघ्यांचं त्याहून जास्त. ते बेंबा जमातीचे, उत्तरेकडच्या कासामा गावचे. मी न्गोनी जमातीचा. म्हणजे आमचं थट्टेचं नातं. त्यांच्या आणि आमच्या पणजोबांनी एकमेकांना भाले मारले, आणि शेवटी दोन्ही बाजू इतक्या थकल्या, की ठरलं, यापुढे फक्त तोंडानं. तेव्हापासून बेंबा दिसला की न्गोनीनं त्याचा अपमान करायचा आणि न्गोनी दिसला की बेंबानं. राग धरायचा नाही. राग धरणारा माणूस आमच्यातला नव्हेच, वाट चुकून आलेला.

त्या दुपारी सूप वाढायचं होतं. बा कपेंब्वा मोठं भांडं घेऊन टेबलाशी आले होते, मी ट्रे घेऊन.

"आला का उंदीरखाऊ," ते म्हणाले. "ट्रे सरळ धर. ढाल नाही ती, पळताना पाठीला बांधायला."

"तुम्ही सूप बघा, माकडखाऊ. वर केस तरंगतोय. तुमच्या जेवणाचा असेल."

"तुझी होणारी सासू सकाळी नदीवर दिसली. पाणघोडे उठून तिला जागा देत होते."

"तुम्ही मरा एकदाचे. कासामाला येतो, तुमच्या खड्ड्यात उतरून आडवा पडतो, आणि घरच्यांनी बकरी दिल्याशिवाय उठत नाही."

"ये. पण आंघोळ करून ये."

रोजचंच. एरवी आम्ही हसतो तरी. पण सावलीत चव्वेचाळीस अंश होते, हसायला ताकद लागते. दोघंही मेल्या चेहऱ्यानं बोलत होतो.

"तुम्ही काय बोलत होता?" मिसेस हाल्वरसननी विचारलं.

या प्रश्नाला कॅम्पवर एक ठरलेलं उत्तर आहे: 'नदी यंदा फार आटली.' आचाऱ्यापासून पाणी तापवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते पाठ आहे. मलाही होतं. पण ते डोक्यात कुठेतरी मागे पडलेलं होतं, उठून शोधायला गेलं पाहिजे होतं. माझ्यानं जाववलं नाही. बकरीपर्यंत जे बोललो होतो ते मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "आणि यावर ते काय म्हणाले?"

"आंघोळ करून ये म्हणाले."

त्यांनी बा कपेंब्वांकडे पाहिलं. ते मान झुकवून मंद हसले. पाहुण्यांनी पाहिलं की असं हसायचं, हे आम्हाला शिकवलेलं आहे.

"हे किती दिवस चालू आहे?"

"यंदाचे सहा महिने, मॅडम."

"रोज?"

"रविवारी दोनदा."

सूप तसंच राहिलं.

तीन वाजता लीझल मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे गवताच्या तीन भिंती आणि एक टेबल. मॅडमच्या डोक्यावर ओला टॉवेल होता आणि पुढ्यात मिसेस हाल्वरसननी भरलेला तक्रारीचा फॉर्म. दोन्ही बाजू भरून, समासातही लिहिलं होतं.

"फॅक्सन, एका वयस्कर सहकाऱ्याच्या कबरीत झोपायची धमकी दिलीस तू?"

"धमकी नाही, मॅडम. वचन दिलं."

त्यांनी डोळे मिटले. "समजावून सांग. थोडक्यात."

मी पणजोबांपासून सुरुवात केली. भाल्यांपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे मे महिन्यात सांगितलं असतंस तर मी वहीत लिहून घेतलं असतं. आता ऑक्टोबर आहे. माझ्यात नवीन काही शिरायला जागा उरलेली नाही." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "ही माफी. मीच लिहिली आहे, तू फक्त वाचायची. चार वाजता, चहाला, मिसेस हाल्वरसन आणि आचारी दोघांसमोर. बाईंचं समाधान झालं की त्या तक्रार मागे घेतील आणि मी तुझं पत्र लिहीन. नाहीतर हा फॉर्म मुख्य ऑफिसला जाणार. मग त्याच पाकिटात तुझं कौतुक कसं घालू मी?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी कागद घेतला आणि मुदपाकखान्याकडे गेलो.

बा कपेंब्वा कांदा चिरत होते. मी सगळं सांगितलं. सुरी थांबली.

"माफी? माझी?"

"हो."

"मी काय परका आहे?"

"मॅडमना सांगितलं. त्यांच्यात जागा नाही."

"माफी परक्याची मागतात, पोरा. तू मागितलीस की थट्टा संपली. थट्टा संपली की नातं. मग तुझ्या घरी पुढच्या वेळी कोणी गेलं तर बघायला कोण येणार? ही नॉर्वेची बाई?"

"माहितीय हो मला. पण पत्र? तीन वर्षं झाली. पुढच्या मेमध्ये परत चहाच न्यायचा का?"

सुरी परत चालू झाली. कांद्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खांद्याला पुसत होते. मग म्हणाले, "तू वाच. मी बघतो."

"काय बघता?"

"आधी कांदा होऊ दे."

चारला आम्ही नदीच्या काठावर, मोठ्या झाडाखाली जमलो. समोरच्या दरडीत लाल वेडे राघू बिळांतून आतबाहेर करत होते. मिसेस हाल्वरसन ताठ बसल्या होत्या, मांडीवर फॉर्म. लीझल मॅडम खुर्चीत कलल्या होत्या. बा कपेंब्वा धुतलेला एप्रन घालून समोर उभे. मी कागद उघडला. खरं सांगतो, तो वाचायचा असंच ठरवून मी आलो होतो. तीन वर्षं चहा नेला की माणूस हलका होतो.

"मी, फॅक्सन जेरे," मी वाचलं.

बा कपेंब्वांनी एप्रन सोडला. त्याची घडी केली. घडी जमिनीवर ठेवली, एक हात झाडाला लावून आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा, आणि एप्रनवर डोकं ठेवून उताणे झाले. हात छातीवर घेतले, डोळे मिटले.

मिसेस हाल्वरसन धावल्या. वाकून मनगट धरलं. "नाडी चालू आहे. यांना झालंय काय?"

बा कपेंब्वा डोळे न उघडता आमच्या भाषेत म्हणाले, "सांग तिला. मी मेलोय."

माझ्याजवळ दोन उत्तरं होती. खरं सांगितल्यावर काय होतं ते दुपारीच पाहिलं होतं. पण नाडी हातात धरलेल्या बाईला नदीचं काय सांगणार.

"ते मेलेत, मॅडम."

लीझल मॅडमनी एक डोळा उघडला. "माफी मागून झाली?"

"नाही. माझं नावच वाचलं फक्त."

"मग इतक्यात कसे मेले?"

"घाई केली असेल. बेंबांना दम नसतो."

"ऐकू येतंय," खालून आवाज आला.

"मेलेल्याला ऐकू येत नाही, माकडखाऊ. नियम तरी पाळा."

मिसेस हाल्वरसननी मनगट सोडलं, पण त्या तिथेच मातीत बसून राहिल्या. एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुम्ही भांडत नाही आहात," त्या सावकाश म्हणाल्या.

"नाही, मॅडम."

"मग मला सांगा. सगळं."

मी दमलो होतो, म्हणून पणजोबा वगळले.

"माझा पहिला हंगाम संपला आणि माझे वडील गेले. हे कासामाहून आले, दोन दिवस बसमध्ये बसून. आल्या आल्या खड्ड्यात उतरले आणि असेच आडवे झाले. म्हणाले, हा न्गोनी जन्माचा आळशी, शेवटचा खड्डासुद्धा दुसऱ्यांकडून खणून घेतला. म्हणाले, मी इथून उठत नाही, हा इथे झोपला तर घोरण्यानं अख्ख्या स्मशानाची झोप जाईल. तासभर बोलत होते. आईनं तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ती हसली. मग म्हणाली, भूक लागली. मग यांनीच वर येऊन मक्याचं पीठ घोटलं, शंभर माणसांना पुरेल एवढं. गुडघे तेव्हाच गेले यांचे."

"ते आधीच गेले होते," बा कपेंब्वा म्हणाले. इंग्रजी त्यांना सूप सांगण्यापुरतंच येतं, पण गुडघे हा शब्द कळतो.

"आणि तुम्ही हा कागद वाचलात तर?"

"तर यांचं होईल तेव्हा मला खड्ड्यात उतरता येणार नाही. परका माणूस कडेला उभा राहतो."

मिसेस हाल्वरसननी मातीत पडलेला फॉर्म उचलला. पाणघोडे कण्हत होते.

"तीस वर्षांत मी चारपाचशे लोकांना एकमेकांची माफी मागायला लावली असेल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी मागितली. त्यातलं कोणी कोणाच्या मयतीला गेल्याचं मला आठवत नाही." त्यांनी फॉर्मची लांब घडी घातली आणि त्यानं स्वतःला वारा घालायला लागल्या. "लीझल, माझी काही तक्रार नाही. याचा वारा मात्र छान लागतो."

"आभारी आहे," लीझल मॅडम म्हणाल्या. "फॅक्सन, पत्र उद्या. आज हात उचलत नाही. जेवण सातला आहे. हे किती वेळ मेलेले असतात?"

"बकरी मिळेपर्यंत."

बकरी नव्हती. मिसेस हाल्वरसननी चहाच्या बशीतलं एक बिस्किट उचलून त्यांच्या छातीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "बिस्किट चालेल का?"

"कसलं?"

"आल्याचं."

"दोन."

दुसरं ठेवलं. पण ते उठले नाहीत. सहा महिन्यांत दुपारी चारला कोणी आडवं झालं नव्हतं, आणि ते बघूनच आमच्या अंगातलं बळ गेलं असावं. लीझल मॅडमनी टॉवेल तोंडावर ओढला. मिसेस हाल्वरसन झाडाच्या बुंध्याला टेकल्या. मीही बसलो, जे पाहुण्यांसमोर करायचं नसतं. बबूननी साखरेचं भांडं नेलं. कोणी काही म्हटलं नाही.

पत्र दुसऱ्या दिवशी खरंच मिळालं. तीन ओळींचं. मधल्या ओळीत लिहिलं होतं की हा मुलगा भाषांतर अचूक करतो. परीक्षेत त्याचे काही गुण नाहीत, पण बसता येतं.

त्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा बा कपेंब्वांनी डोळे उघडले. "उठव मला," ते म्हणाले. "कांदा चिरून ठेवलाय. सुकेल."

त्यांना स्वतःहून उठता येत नव्हतं. मी मागून काखांत हात घालून ओढलं. ते पिठाच्या पोत्यासारखे जड होते. अर्ध्यावर आम्ही दोघंही थांबलो, श्वास घ्यायला. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

"तुझ्या बापाला मीच उचललं होतं," ते कानाशी म्हणाले. "हलका होता तो."

"मेले होते ते."

"मीही मेलोच होतो की. नीट धर. आणि बाळा, परीक्षेत नापास हो."

"तुम्ही कासामाच्या वाटेवर बसखाली या."

"असं बोल."

ते उभे राहिले. एप्रन झटकला, बिस्किटं खिशात घातली आणि चुलीकडे निघाले, एकेक पाय मोजून टाकत.

"काय म्हणाले ते?" मिसेस हाल्वरसननी झाडाखालून विचारलं.

मी कपाळाचा घाम पुसला. "नदी यंदा फार आटली म्हणाले."

त्यांनी वळून पाण्याकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसतंय."