ग्लेनिसचं अर्धं वाक्य

ग्लेनिस रस्त्याच्या मधोमध पाटी धरून उभी होती. मुलं पलीकडे पोचून शाळेत शिरलीसुद्धा, तरी ही बाई हलेना. माझ्या पावाच्या गाडीमागे अर्धं हॅलिफॅक्स शहर हॉर्न वाजवत होतं. मी काच खाली करून विचारलं, आज मुक्काम इथंच का?

"नॉर्मन, मला कळलं," ती म्हणाली. "गौण वाक्य! पोरांसारखंच आहे बघ ते. एकटं रस्ता ओलांडू शकत नाही."

बावीस वर्षं ग्लेनिस पिवळा कोट घालून, 'थांबा' लिहिलेली गोल पाटी उंच धरून शाळेच्या मुलांना रस्ता पार करून देत होती. आता तिथं सिग्नल बसणार होता. शाळेत वर्गमदतनिसाची जागा होती, पण त्यासाठी इंग्रजीची परीक्षा पास हवी, आणि त्यात ती सोळाव्या वर्षीच आपटली होती. वाचनालयातल्या दुपारच्या वर्गात तिचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खायचं. 'जेव्हा पाऊस पडतो' एवढंच लिहून ती पूर्णविराम द्यायची आणि मास्तर लाल रेघ मारायचे.

"आता ऐक," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "जेव्हा पाऊस पडतो, तेव्हा नॉर्मन कुरकुरतो. झालं की नाही पुरं?"

"तो ऊन असतानाही कुरकुरतो," मागचा बसवाला ओरडला.

त्या दिवसापासून बाईला वेडच लागलं. रोज सकाळी अर्धं वाक्य माझ्या खिडकीतून आत टाकायची आणि मी ते पुरं केल्याशिवाय पाटी खाली घ्यायची नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला मी, पहाटे पाव भरताना उत्तरं जुळवू लागलो. गिऱ्हाइकांना पाव उशिरा मिळाले, मला पर्वा नव्हती.

ऑगस्टमध्ये निकालाचा कागद फडकवत ती बेकरीत आली आणि पिठासकट मला मिठी मारली. मला फार आनंद झाला. मग आठवलं, आता सकाळी खिडकीशी कुणी येणार नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी गळ्यात शाळेचं ओळखपत्र घालून ती मुलांच्या घोळक्यात सिग्नलचं बटण दाबून उभी होती. सवयीनं तिचा हात वर गेला. मूठ वळलेली, मुठीत काही नाही.

माझा दिवा हिरवा होता. मी गाडी थांबवली.

मागून हॉर्न सुरू झाले. ग्लेनिसनं माझ्याकडे पाहिलं, मूठ उघडली आणि बावीस वर्षं पोरं पार झाल्यावर करायची तशीच मला जायची खूण केली.