नऊ पायऱ्या उतरलेली विळी

मित्रांनो, माझ्या पात्यावर आज गंजाच्या चार ठिपक्यांचे पुसट डाग उरले आहेत, पण खवणीचे दाते अजून शाबूत आहेत. मी हिर्डोशीच्या वनिताची विळी. भोरच्या लोहाराने मला घडवून जांभळाच्या पाटावर बसवले. आजाऱ्यांची सेवा करायला वनिता इस्रायलला निघाली, तेव्हा तिच्या सासूने मला जुन्या लुगड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातले.

तिथे वनिता सत्त्याऐंशी वर्षांच्या शेगुलाबाईंना सांभाळत होती. त्या मूळच्या कोकणातल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू. वनिताच्या 'लई'ला त्या हसत आणि तिच्याकडून 'आजी' म्हणवून घेत. तेव्हा युद्ध चालू होते. हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की पंचेचाळीस सेकंदांत तळघर गाठावे लागे. पायऱ्या नऊच होत्या, पण आजींचे गुडघे निकामी झाले होते.

हिवाळ्यात त्यांचा झाडांचा सण आला. त्या दिवशी आजींकडे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचा मलिदा होई. साठ वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. आजींनी नारळ हातात घेतला आणि भोंगा वाजला.

"मलिदा टाकून मी उठणार नाही. तू जा," आजी म्हणाल्या.

वनिताने वाद घातला नाही. पोह्या-गुळाची पिशवी खांद्याला अडकवून तिने मला उचलले. "विळी म्या खाली नेते. मलिदा करायचा आसंल तर चला."

"चोरटी कुठली," म्हणत आजी नारळासकट उठल्या. वनिताच्या एका हातात मी, दुसऱ्यात आजींचा दंड.

तळघरात शेजारी जीव मुठीत धरून बसले होते. वनिताने नारळ जमिनीवर आपटताच सगळे दचकून खाली वाकले. नारळ आहे, असे आजींनी सांगितल्यावर पोट धरून हसले. नळ कोरडा होता, म्हणून नारळाला पडलेल्या चिरेतून पाणी एका भांड्यात धरले आणि पोहे त्यातच भिजवले. बाहेर दोन मोठे धडाके झाले. वनिता खवत राहिली, आजी "बारीक खव" म्हणत राहिल्या. मग प्रार्थना झाली आणि मूठ मूठ मलिदा सगळ्यांना मिळाला.

आता वनिता आणि मी हिर्डोशीला परतलो आहोत. घरात मिक्सर आला आणि मी फळीवर गेले. परवा आजींनी फोनवर मला पाहायला मागितले. गंज दिसताच त्या म्हणाल्या,

"वनिता, हिच्यामागे मी उठले होते गं."

वनिताने त्याच दिवशी मला राखेने घासले आणि तेलाचा हात फिरवला.

मित्रांनो, ओलावा आणि हवा एकत्र लागली की लोखंड गंजते. काम झाले की आम्हांला कोरडे पुसून ठेवा. आणि घरातले म्हातारे माणूस हट्टाला पेटले, तर रागावू नका. त्याच्या जिव्हाळ्याची वस्तू उचला आणि त्याचा हात धरून चालू लागा.